शनिवारी नेरूळला मॅच, बारा कोल्हापूरकर, जेवायचं कुठं?

शिवाजीपेठकर

रामराम मंडळी. पुढच्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी साडेसातला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फुटबॉलची मॅच आहे. पाहुण्या संघात आमच्या पेठेतला पोरगा खेळतोय. शाहू स्टेडियमवर चिखलात लोळताना त्याला आम्ही बघितलाय, त्यामुळं त्याच्या मॅचला जायचं म्हणजे जायचंच. बाराजण टेम्पो ट्रॅव्हलर करून निघतोय. पहाटे कोल्हापूर सोडायचं, दुपारी जेवायला नेरूळ. मुक्काम खारघरला मेव्हण्याकडं आणि रविवारी जेवून परत.

तिकिटं झाली, गाडी झाली, झेंडा शिवून झाला. जेवणाचं काय ते ठरंना. परगावी मॅचला गेलं की त्या गावाचं जेवण जेवायचं, हा आमचा शिरस्ता आहे. फातोर्ड्याला गेलो तेव्हा मडगावात फिशकढी-भात जेवलो. बंगळूरला कंठीरवावर मॅच होती तेव्हा सकाळी आधी दोसा, मग स्टेडियम. आता नवी मुंबईचं असं काय आहे, हे ज्याला विचारावं तो मॉलचं नाव सांगतोय. मॉल आम्हाला नको. 'अस्सल कोल्हापुरी' असा बोर्ड लावलेलं हॉटेल तर नकोच नको, तांबडा-पांढरा घरी आहे.

अडचणी पण सांगतो. आमच्यातले चौघं शनिवार पाळतात, त्यांना मटण-मासे चालत नाहीत. एक काका सत्तरीच्या पुढचे आहेत, फार चालवत नाही. मॅच संपल्यावर रात्री काय मिळतं? आणि डबा आत नेऊ देतात का?

कराव्याची सुनंदा

दादा, नमस्कार. मी करावे गावची. सीवूड्सचे टॉवर संपले की खाडीच्या अंगाला जे गाव लागतं, ते आमचं.

तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण इथं येणारा माणूस हे विचारतच नाही. सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर आखलं. लोकांना वाटतं गावं गेली. कुठंही गेली नाहीत. शिरवणे, सारसोळे, करावे, दिवाळे, सगळी सेक्टरांच्या मधेमधे आपापल्या जागी आहेत आणि घराघरात तांदळाची भाकरी थापली जाते. नवी मुंबईचं जेवण म्हणजे आगरी-कोळ्यांचं जेवण.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल याच स्टेडियमवर झाली, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. मी लेकीला घेऊन गेले होते. सुटल्यावर गेटबाहेर विदर्भातून आलेल्या शाळकरी खेळाडू पोरी आणि त्यांच्या बाई उभ्या होत्या, जवळ जेवायला काय आहे म्हणून विचारत. जो तो त्यांना बर्गरच्या दुकानाकडे बोट दाखवत होता. माझ्या जिवाला लागलं ते. रिक्षा करून सगळ्यांना घरी आणलं, बिरडं होतं, भात टाकला. पोरी बोटं चाटून जेवल्या. तेव्हापासून स्टेडियमला येणारं कुणी दिसलं की मी आपणहून सांगते, गावात जा.

आता तुमचं. शनिवारी दुपारचं जेवण शिरवणे किंवा नेरूळ गावात ठेवा, दोन्ही स्टेडियमपासून जवळ. बचत गटाच्या बायका आणि घरगुती खानावळी ताटं करून देतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. बारा माणसं अचानक दारात उभी राहिली तर भाकऱ्या कुठून आणणार? मग तुमच्या पानात मैद्याची रोटी येते आणि तुम्ही म्हणता, काही खास नाही.

फोनवर दोनच गोष्टी विचारा. भाकरी तांदळाची आणि हातावरची आहे का? आणि उद्या मासळी कुठली असेल? दुसऱ्या प्रश्नाला 'साहेब, सगळं मिळेल' असं उत्तर आलं तर ती जागा सोडा. जिच्या घरी रोज मासळी येते ती बाई सरळ सांगते, पापलेट नाही, मांदेली आहे, कोलंबी बघून कळवते.

भाकरीसाठी पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतात, गरम आहे तोवर मळतात आणि पाण्याचा हात लावून थापतात. तव्यावर टाकली की वरून पुन्हा पाणी फिरवायचं. उलटली की टम्म फुगते. चांगली भाकरी पांढरीशुभ्र असते, कडेला तडा नसतो आणि गार झाली तरी मऊ राहते. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला पहिला घास मवाळ लागेल. दुसरा घास कालवणात बुडवून खा.

कालवण म्हटलं की लोक नारळाचा मालवणी रस्सा समजतात. आमच्या माशाच्या कालवणात नारळ बहुतेक नसतोच. ठेचलेला लसूण, घरचा आगरी मसाला, चिंचेचा कोळ, वर कोथिंबीर. पातळ आणि झणझणीत. तिखट खायची सवय तुम्हाला आहे, पण हे तिखट आंबटाबरोबर येतं.

शनिवार पाळणाऱ्या चौघांची काळजी करू नका. वालाचं बिरडं, वांग्या-बटाट्याचा रस्सा, भाकरी, वरण-भात, पापड, लोणचं. मोड आलेले वाल सोलून केलेलं बिरडं हे काही कमीपणाचं जेवण नाही, आमच्यात पाहुण्याला मानानं वाढतात. फक्त सांगताना ठणकावून सांगा की शनिवार आहे, भांडं आणि डाव वेगळा ठेवा. बायका ते पाळतात, त्यांच्या घरातही कुणीतरी वार पाळणारं असतंच. बाकीच्यांसाठी मटण नाहीतर गावठी कोंबडी सांगा. मासे शनिवारी नको, रविवारी.

रविवारी सकाळी दिवाळ्याला जा. बेलापूरच्या टोकाला कोळीवाडा आहे, मासळी बाजार आहे, जेट्टी आहे. कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. खाडीचा जिताडा दिसला तर भाव विचारा, महाग असतो पण तो इथला मानाचा मासा. ओले बोंबील घेताना तोंडाजवळ गुलाबी आणि अंग चकचकीत असलेले घ्या. घरी ते चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढावं लागतं, नाहीतर तव्यावर मोडतात. ज्या खानावळीत बोंबील कुरकुरीत असूनही आत लोण्यासारखा लागतो, तिथं ते दाबायचे कष्ट कुणीतरी घेतलेले असतात.

बाकी गोष्टी भराभर सांगते. डबा-बाटली आत नेता येत नाही, गेटवर काढून ठेवावी लागते. गाडी खारघरलाच ठेवा, मॅचच्या संध्याकाळी सायन-पनवेल हायवे तुंबतो. खारघरहून लोकल पकडली की बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. नेरूळला पूर्वेला उतरून वीस-पंचवीस मिनिटांचं चालणं आहे, काकांना रिक्षात बसवा. जेवण मात्र अडीचच्या आत उरका.

तुर्भ्याचा बाळू

पाव्हणं, सुनंदाताईंनी दुपारचं अगदी बरोबर सांगितलं. रात्रीचं मी सांगतो.

मॅच साडेसातची म्हणजे बाहेर पडेपर्यंत दहा. गावातल्या खानावळी तेव्हा आवरलेल्या असतात. तुम्ही तुर्भ्याला एपीएमसीकडं, म्हणजे घाऊक बाजाराकडं या. भाजी मार्केट रात्रीच जागं होतं. नाशिक-पुण्याकडचे ट्रक लागतात, गोण्या उतरतात, आणि राबणाऱ्या माणसांसाठी गाड्या लागलेल्या असतात. भुर्जी-पाव, कांदाभजी, कटिंग, कुठं झुणका-भाकर. भुर्जीवाला मोठ्या तव्यावर कांदा-मिरची परततो आणि अंडी थेट तव्यावरच फोडतो. चवीला कुठं कमी नाही. शनिवारवाल्यांसाठी झुणका आहे, भजी आहे.

तुम्ही म्हणताय कोल्हापुरी नको, इथलंच पाहिजे. माझं म्हणणं, हे पण इथलंच आहे. माझे वडील शाहूवाडी तालुक्यातनं आले आणि आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिली. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या डोंगरी गावांतली हजारो माणसं आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडं हलल्यावर वाशी-तुर्भ्याला आली. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना उभं केलं, १९६९ चा माथाडी कायदा झाला, मग कोपरखैरणे-घणसोलीला घरं झाली. या शहराचं पोट ज्या बाजारावर भरतं तो बाजार या माणसांनी वाहिलाय. त्यांच्यात बसून रात्री भुर्जी खाल्ली, तर नवी मुंबईत जेवला नाहीत असं कोण म्हणेल?

नेरूळहून ठाण्याच्या गाडीनं जुईनगर आणि मग तुर्भे. फक्त खारघर उलट दिशेला आहे, तेव्हा काकांना मेव्हण्याकडं पाठवून द्या आणि परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा.

विद्या, नौपाडा

तुमच्यातले कुणी रेल्वेनं येऊन ठाण्याला उतरणार असतील तर त्यांच्यासाठी लिहिते. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स हार्बरची गाडी थेट नेरूळला जाते. त्याआधी तहसीलदार कचेरीजवळची मामलेदारची मिसळ खाऊन घ्या. तुम्हाला मिसळीबरोबर स्लाइसची सवय, इथं लादीपाव मिळेल. तिखट झेपणाऱ्यांनीही पहिल्या वेळी मध्यम मागावी, कारण पुढं दिवस काढायचाय आणि संध्याकाळी मॅच आहे. वेळ उरला तर नौपाड्यात विष्णूनगरला गजाननचा वडापाव, त्याच्याबरोबर बेसनाची पिवळी चटणी देतात, ती तुम्हाला नवीन वाटेल.

बाराजणांची गाडी घेऊन मात्र मिसळीसाठी ठाण्यात शिरू नका. स्टेशन परिसरात गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळ त्यातच जाईल.

शिवाजीपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली, ठरलं. शनिवारी दुपारी शिरवणे, रात्री आम्ही पोरंपोरं तुर्भे, रविवारी दिवाळे. बाळूदादा, शाहूवाडी म्हणजे घरचेच निघालात, रात्री भेटाच.

सुनंदाताई, अजून थोडं. दोघांना काट्याची धास्ती आहे, लहानपणी घशात अडकला तेव्हापासून मासा म्हटलं की लांब. काकांचे दात गेलेत. आणि चिंबोऱ्यांबद्दल, म्हणजे खेकड्यांबद्दल, लई ऐकलंय, त्या शनिवारी दुपारी जमतील काय? मासळी बाजारातून घेतली तर करून कोण देईल?

कराव्याची सुनंदा

काकांना बोंबील द्या. मधला काटा इतका मऊ असतो की दातांची गरजच पडत नाही, भातात कालवून दिला तरी चालेल. काट्याला घाबरणाऱ्या दोघांना सुरमई नाहीतर जिताड्याचा मधला तुकडा. मांस जाड असतं, काटे मोठे आणि डोळ्यांना दिसणारे. त्यांना मांदेली देऊ नका, एकदा धास्ती घेतलेला माणूस पुन्हा मागं सरतो. कोलंबीचं सुकं करायला सांगते, त्यात काटाच नाही.

चिंबोऱ्या शनिवारी नकोत. एक चिंबोरी नीट खायची म्हणजे नांग्या फोडायच्या, पाय चोखायचे, पेंद्यातलं मांस काडीनं काढायचं. घाईत खाल्ली की निम्मी टाकून दिली जाते आणि त्या बाईचे कष्ट वाया जातात. रविवारी निवांत बसा. आमच्यात म्हणतात, अमावस्येच्या आसपास त्या मांसानं भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ. तुमची तारीख कॅलेंडरवर बघा, पौर्णिमा जवळ असेल तर मी सांगेन घेऊ नका म्हणून, कुणी कितीही आग्रह केला तरी.

करून द्यायचं माझ्यावर सोडा. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी ताटं करतात, त्यांच्याशी बोलले आहे. मासळी तुम्ही दिवाळ्यातून सकाळी नवाच्या आत घ्या, कोळणीकडूनच साफ करून घ्या आणि थेट कराव्याला आणा, एक वाजता पानं मांडतो. भाव करताना फार ओढून धरू नका, पण पहिल्या टोपलीवर थांबूही नका, सगळा बाजार एकदा फिरून बघा.

गुरुवारपर्यंत मला निरोप पाठवा: शनिवारी शाकाहारी किती, रविवारी मासे खाणारे किती, आणि कमी तिखट कुणाकुणाला. शिरवण्याच्या खानावळीला मी स्वतः जाऊन सांगून येते.