खेळाडू परदेशात अडकला तर सरकारने तोंड उघडायचं की नाही?

आडवा_बॉल: 'खेळाडूंच्या मानवी हक्कांसाठी सरकारांनी दुसऱ्या देशांवर दबाव आणणं म्हणजे खेळात राजकारण, ते काम महासंघांचं' अशी पोस्ट काल वाचली. डोकं फिरलं म्हणून हा धागा. हकीम अल-अरैबीचं प्रकरण एवढ्यात विसरलात? बहरीनचा फुटबॉलपटू, ऑस्ट्रेलियाने निर्वासित म्हणून आसरा दिलेला, मेलबर्नच्या पॅस्को व्हेलकडून खेळणारा. २७ नोव्हेंबर २०१८ ला बायकोबरोबर मधुचंद्रासाठी बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच धरला गेला. ४ फेब्रुवारीला कोर्टात आणला तेव्हा पाय अनवाणी आणि पायांत बेड्या. ७६ दिवसांनी सुटला, कारण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांनी थाई पंतप्रधानांना दोनदा पत्र लिहिलं आणि ऑस्ट्रेलियाने २३ वर्षांखालच्या फुटबॉल संघाचं थायलंडमधलं शिबिर रद्द केलं. आशियाई फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष बहरीनच्याच राजघराण्यातला. तो सोडवणार होता?

कलम_पोटकलम: अर्धीच गोष्ट सांगितलीत. शिबिर रद्द केलं ते फुटबॉल संघटनेने, सरकारने नव्हे. आणि मुळात त्याला अडकवला कोणी? निर्वासित ज्या देशातून पळाला त्याच देशाच्या अर्जावर रेड नोटीस (हा माणूस दिसला तर धरा, असा देशोदेशीच्या पोलिसांना निरोप) काढायची नाही, हा ती काढणाऱ्या इंटरपोलचाच नियम. तरी बहरीनच्या अर्जावर निघाली. 'हा आपल्याकडे आश्रय मिळालेला माणूस आहे' हे ऑस्ट्रेलियाच्या सीमा दलाने तिथल्याच पोलिसांना ईमेलने कळवायचं होतं. तो ईमेल गेलाच नाही. उलट पोलिसांनी थायलंडला कळवलं की हा येतोय! काही दिवसांत नोटीस रद्द झाली, पण नोटीस आणि बहरीनची प्रत्यर्पणाची (माणूस आमच्या ताब्यात द्या, ही) मागणी या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली गेली म्हणून दुसरी पडत नाही. आधी खड्ड्यात ढकलायचं, मग दोर टाकून टाळ्या घ्यायच्या.

आडवा_बॉल: बरं, चूक ऑस्ट्रेलियाची. दोर टाकला की नाही?

कलम_पोटकलम: टाकला. पण एकट्या सरकारने नाही. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघाचा माजी कर्णधार क्रेग फॉस्टर गावोगाव ओरडत फिरला, म्हणून सरकारचा आवाज चढला. शेवटी थाई परराष्ट्रमंत्री बहरीनला जाऊन आले, ११ फेब्रुवारीला बहरीनने मागणी सोडली, तेव्हा कुठे थाई सरकारी वकिलांनी खटला काढून घेतला. पत्राने कोर्ट हलत नाही. मागणी करणारा हलला पाहिजे.

झाडीपट्टी: थोडं अवांतर. आशियाई महासंघाच्या वतीने थाई पंतप्रधानांना सुटकेचं पत्र कोणी लिहिलं ठाऊक आहे? आपल्या गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांनी. ते तेव्हा महासंघाचे वरिष्ठ उपाध्यक्ष होते. अध्यक्ष पश्चिम आशियाच्या कामातून बाजूला आहेत, हे महासंघाला दोन महिन्यांनी आठवलं. पत्र जानेवारीच्या शेवटी.

तिसरा_पंच: ऑस्ट्रेलियाचं कौतुक पुरे. अफगाणिस्तानशी क्रिकेट खेळताना हीच तत्त्वं कुठे जातात? होबार्टची कसोटी पुढे ढकलली, मार्च २०२३ ची अमिरातीतली वन-डे मालिका रद्द, २०२४ ची टी-२० मालिकाही नाही. कारण काय, तर तालिबानने बायकांचं शिक्षण-खेळ बंद केला. आणि ७ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्डकपमध्ये याच अफगाणिस्तानविरुद्ध वानखेडेवर? ७ बाद ९१ वरून मॅक्सवेल नाबाद २०१! तेव्हा मानवी हक्क ड्रेसिंग रूममध्ये ठेवले होते का?

मधली_यष्टी: पंचसाहेब, द्विपक्षीय मालिका बोर्डाच्या हातात असते, वर्ल्डकप आयसीसीच्या. त्यात न खेळणं म्हणजे समोरच्याला गुण बहाल करणं.

तिसरा_पंच: रद्द केलेल्या वन-डेचेही गुण बहालच केले की! तीन सामने, प्रत्येकी १०, अफगाणिस्तानला वर्ल्डकपची पात्रता ठरवणाऱ्या सुपर लीगचे फुकटचे ३० गुण. ऑस्ट्रेलियाची वर्ल्डकपची जागा पक्की होती, म्हणून परवडलं. ज्याची किंमत मोजावी लागत नाही त्याला दबाव म्हणत नाहीत.

कमळी: तुम्ही गुण मोजत बसा. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण बोर्डाकडून २५ मुलींना क्रिकेटचे करार मिळाले होते. ऑगस्ट २०२१ ला तालिबान आल्यानंतर बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात. पूर्ण सदस्याला महिला संघ लागतो, हा नियम आयसीसीचा, आणि पूर्ण सदस्यत्व तसंच चालू. मुलींनी निर्वासित संघ मागितला, तर एकत्र पहिला सामना कधी? ३० जानेवारी २०२५, मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर, तोही प्रदर्शनीय. त्यांना आसरा देणारं सरकार नसतं तर तेवढाही झाला नसता.

तिसरा_पंच: मग पुरुष संघावर बंदी घालून रशीद खानला घरी बसवायचं? मुलींचं वैद्यकीय शिक्षण बंद केलं तेव्हा तो आणि संघातला नबी उघड बोलले. त्यांचंच व्यासपीठ काढून घ्यायचं?

कमळी: 'बंदी घाला' हे शब्द माझ्या प्रतिसादात दाखवा. नसतील तर माझ्या तोंडी घालू नका. आयसीसीकडून अफगाण बोर्डाला जाणाऱ्या पैशातला वाटा या मुलींकडे वळवा, एवढंच म्हणणं. एप्रिल २०२५ मध्ये आयसीसीने भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाच्या बोर्डांबरोबर त्यांच्यासाठी निधी जाहीर केलाच ना? म्हणजे करता येत होतं. चार वर्षं झोपले होते.

मधली_यष्टी: आणि ब्रिटनच्या १६० वर खासदारांनी पत्र दिलं, २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत अफगाणिस्तानशी खेळू नका म्हणून. इंग्लंड बोर्ड म्हणालं, एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून ठरवू. लाहोरला गेले, अफगाणिस्तानच्या झदरानने १७७ ठोकले, ८ धावांनी हरले, स्पर्धेतून बाहेर. तत्त्वही गेलं आणि सामनाही.

आडवा_बॉल: धागा हकीमचा होता, लोकहो.

कलम_पोटकलम: मग हकीमचंच घ्या. तो तेव्हा ऑस्ट्रेलियाचा नागरिक नव्हता, हातात फक्त प्रवासाचा दाखला. दुसऱ्याच्या नागरिकाला भेटू द्या, असा हक्क दूतावासाला सांगता येत नाही, विनंती करावी लागते. मार्च २०१९ मध्ये त्याला नागरिकत्व दिलं, ते या सगळ्यातलं खरं काम. ते मात्र सरकारशिवाय कोणालाच जमलं नसतं. घ्या, दिला तुम्हाला एक गुण. फुकटचा नाही.

आडवा_बॉल: उरलेले २९ कधी देताय?