हिरवळीत पिवळ्या फुलांचे तण: कसे ओळखावे?

प्रश्न: पुण्यातील आमच्या अंगणात हिरवळ लावली आहे. पावसाळ्यानंतर तिच्यात पिवळ्या फुलांची दोन तणे दिसू लागली. एकाच्या पानाला तीन दले आहेत. दुसरे जमिनीलगत पसरते आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांत त्याचे काटे रुततात. ही कोणती असावीत?

उत्तर १: पहिली आंबुशी असावी. तिची दले बदामाच्या आकाराची असून रात्री छत्रीसारखी मिटतात, फुलाला पाच पाकळ्या असतात आणि पान चघळल्यास आंबट लागते. तिच्या उभ्या, बारीक शेंगा पिकल्यावर नुसत्या स्पर्शाने तडकून बी दूर उडवतात, म्हणून शेंगा धरण्यापूर्वीच ती काढावी. खोड पेरांपेरांवर मुळे धरते. वरवर ओढल्यास तुकडे मातीत राहून पुन्हा फुटतात. पाणी देऊन माती मऊ करावी आणि खुरप्याने सावकाश उचलावे. मी दरवर्षी हेच करते.

उत्तर २: दुसरा सराटा. हरभऱ्यासारखी बारीक दले आणि काटेरी फळ, ही खूण पक्की. त्याचे सोटमूळ खोल जाते, तेव्हा फुले दिसताच मुळासकट उपटावा.

उत्तर ३: पाने मांसल व खोड लालसर असेल, तर मात्र ती घोळ समजावी. तिचीही फुले पिवळीच असतात, पण ती उन्हात थोडा वेळच उमलतात. औषध फवारले नसेल, तर घोळ फेकू नका. डाळ घालून तिची भाजी उत्तम होते.