मदत हवी आहे: वॉरगेममधला सरदार खेळाडूचं ऐकणारा असावा का?

मंडळी, आम्ही कोल्हापुरात पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि षटकोनी घरांचा नकाशा घेऊन पावनखिंडीचा (१६६०) गेम जुळवतोय. बाजीप्रभू सोपे गेले: ते खिंडीत असेपर्यंत शेजारच्या तुकडीला फाशात +२. सिद्दी जौहर वेढ्याला चिवट, पाठलागाला सिद्दी मसूद वेगळा.

घोडं अडलंय ते नेसरीच्या (१६७४) डावात. प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले. मग शत्रू टप्प्यात आला की फासा टाकून त्यांची सोंगटी आपोआप पुढं न्यायची का? तसं केलं की धाकटा भाऊ चिडतो, "मग मी खेळतोय कशाला?" त्याचंही चुकत नाही म्हणा.

शिवाय सरदार पडला की फौज लगेच मोडावी का? प्रतापरावांनंतर हंबीरराव मोहित्यांनी फौज सांभाळलीच की. कुणी असे नियम खेळून बघितले असतील तर सांगा राव.