जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलीवर पीप साईट: कोणती निवडावी आणि कशी बसवावी?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून विंचेस्टर मॉडेल ९४ ही .३०-३० बोअरची लिव्हर-ॲक्शन (घोड्याखालची लिव्हर ओढून काडतूस भरायची) रायफल आहे. वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. पन्नाशी ओलांडल्यापासून मात्र बॅकसाईटची खाच, नळीच्या टोकावरची माशी (पुढची साईट) आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसेनाशा झाल्या आहेत. माशीवर नजर ठेवली की खाच धूसर होते आणि तिच्या कडा कोठे संपतात हेच कळत नाही. दुर्बीण बसवावी, तर या रायफलीतून रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर पडते, त्यामुळे ती नळीच्या सरळ वर बसू शकत नाही. म्हणून पीप साईटचा, म्हणजे खाचेऐवजी बारीक छिद्र असलेल्या बॅकसाईटचा, विचार करतो आहे. ती कुंद्याच्या मानेवरील टँगवर (धातूच्या पट्टीवर) बसवावी की रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या भागाच्या) बाजूला? वापर मुख्यतः रेंजवर ५० मीटरच्या सरावासाठी आहे. आजोबांच्या रायफलीला नवे भोक पाडायला मन तयार होत नाही, हेही सांगून ठेवतो.

उत्तर १ (कामठी, निवृत्त सैनिक)

दादा, आपली अडचण वयाची आहे आणि त्यावर पीप साईट हा खरोखरच चांगला उपाय आहे. आम्ही फौजेत ज्या एसएलआर रायफलीवर शिकलो, तिची बॅकसाईट छिद्राचीच होती आणि पुढे आलेल्या इन्सासचीही तशीच आहे. डोळा छिद्राच्या मध्यबिंदूकडे आपोआप जातो, कारण प्रकाश तेथे सर्वाधिक असतो. म्हणून छिद्राकडे पाहायचेच नसते, त्यातून पाहायचे असते. तीनऐवजी दोनच गोष्टी सांभाळायच्या राहतात, आणि छिद्र लहान असल्याने माशी व लक्ष्य दोन्ही पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतात. नवशिके छिद्राची कड न्याहाळत बसतात आणि मग पीप साईट संथ आहे अशी तक्रार करतात. नजर माशीच्या टोकावर ठेवावी, बाकीचे डोळ्यावर सोडावे.

छिद्र जितके लहान तितके चित्र रेखीव, परंतु प्रकाश तितकाच कमी. भर दुपारी कागदी लक्ष्यावर दीड मिलिमीटरचे छिद्र उत्तम चालते. सर्वसाधारण वापरासाठी मी अडीच ते तीन मिलिमीटर सुचवीन. बहुतेक साईटींची छिद्राची चकती आट्यांची असते. ती काढली की मागे राहणारे मोठे छिद्र पहाटेच्या किंवा सांजेच्या उजेडात उपयोगी पडते, आणि एवढ्या मोठ्या छिद्रातूनही नेम फारसा ढळत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

टँगवरची साईट डोळ्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे चित्र सुंदर मिळते. पण चढावर रोखून किंवा आडवे पडून गोळी झाडताना ती धक्क्याबरोबर चष्म्यावर आदळू शकते. आपण चष्मा लावत असाल, तर माझे मत रिसीव्हरच्या बाजूने.

उत्तर २ (अमरावती, परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागीर)

वरील मताशी मी सहमत आहे. लायमन ६६ आणि विल्यम्स एफपी या रिसीव्हरच्या सपाट डाव्या बाजूला बसणाऱ्या दोन जुन्या, विश्वासाच्या साईटी आहेत. एफपी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्याने हलकी आहे आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजत नाही. नळीवर जुनी बॅकसाईट बसते त्याच जागी बसणाऱ्या छिद्राच्या साईटीही मिळतात आणि त्यांना भोक लागत नाही, हे खरे. परंतु डोळ्यापासून इतक्या दूर गेलेले छिद्र एक बारीक कडे होऊन बसते आणि आपण ज्यासाठी खर्च करतो आहोत तो लाभच उरत नाही. त्या मोहात पडू नये.

भाऊ, आधी रिसीव्हरच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात, दोन लहान बिनडोक्याचे स्क्रू आहेत का ते पाहावे. विंचेस्टरने अनेक रायफलींना ही भोके कारखान्यातच पाडून बुजवलेली असतात. तशी असतील तर आपला प्रश्न तेथेच सुटला. नसतील, तर घरी ड्रिल हातात घेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून गावातल्या लेथवर हे काम देऊ नये. साईटही परदेशातून टपालाने न मागवता परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावी.

बसवण्यापूर्वी मॅगझिन व चेंबर रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी. भोके ॲसिटोनने पुसून तेल काढावे आणि खाचेत घट्ट बसणाऱ्या पेचकसानेच स्क्रू आवळावेत. त्यानंतरची गोष्ट मी प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो: लिव्हर हळूहळू पूर्ण उघडून मिटून पाहावी. स्क्रू अर्धा मिलिमीटर जरी जास्त आत गेला, तरी तो आतल्या सरकत्या भागांना घासतो, आणि जोर लावून लिव्हर ओढल्यास न भरून येणारा ओरखडा पडतो. अडखळले की थांबून स्क्रूचे टोक कमी करावे. सर्व नीट चालल्यावरच मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावावा.

प्रश्नकर्ता

आपले दोघांचेही मनःपूर्वक आभार. डाव्या बाजूला दोन बुजवलेले स्क्रू खरोखरच आहेत! आता एकच शंका: पुढची माशी तीच चालेल का? ती पितळी, गोल टोकाची आहे.

उत्तर २ (अमरावती)

छान, भोके आहेत म्हणजे मोठी चिंता मिटली. माशीचे उत्तर रेंजवरच मिळेल. रिसीव्हरवरची साईट जुन्या खाचेपेक्षा उंच असते, म्हणून ती पूर्ण खाली आणूनही गोळी वर लागण्याची शक्यता असते. असे झाल्यास जास्त उंचीची माशी लागते, आणि ती किती उंच हे अंदाजाने ठरवू नये. गोळी जितकी वर लागली ते अंतर, गुणिले दोन साईटींमधील अंतर, भागिले लक्ष्यापर्यंतचे अंतर. आपल्या रायफलीवर दोन साईटींमध्ये ६५ सेंटिमीटर भरले आणि ५० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटर वर लागली, तर ८ गुणिले ६५ भागिले ५०००, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. माशा इंचाच्या हजारांशांत विकल्या जातात. तेव्हा ४० हजारांश जास्त उंचीची मागावी.

बदलायचीच असेल तर सपाट तोंडाची, चौकोनी, काळी माशी घ्यावी. आपल्या उन्हात गोल पितळी टोकाची एकच बाजू चमकते, डोळा त्या चमकणाऱ्या बाजूलाच मध्य समजतो आणि गोळी उलट दिशेला सरकते. जुनी माशी काढताना आपल्याकडून पाहता डावीकडून उजवीकडे पितळी पंचाने ठोकावी, नवी उजवीकडून डावीकडे बसवावी, आणि काढलेली माशी व ते दोन छोटे स्क्रू डबीत जपून ठेवावेत, म्हणजे रायफल केव्हाही मूळ रूपात आणता येईल.

उत्तर १ (कामठी)

एकच जोड देतो. सुरुवातीला २५ मीटरवर कागद लावावा, तीन-तीन गोळ्यांचे गट पाहावेत आणि बॅकसाईट ज्या दिशेला गोळी न्यायची त्याच दिशेला हलवावी. माशी हलवायची झाल्यास नेमके उलट करावे. हे सर्व परवानगी असलेल्या रेंजवरच. पिकात रानडुकरे आली तरी वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय रायफल बाहेर काढू नये.