गावाची स्वतःची बोट न् पोरांची टीम पाहिजे का, का सगळं यंत्रणेवरच सोडायचं?

दोन_नद्यांचा
मंडळी, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा न् पंचगंगेच्या बेचक्यात. ग्रामसभेत विषय निघालाय की औंदा गणपतीची वर्गणी निम्मी बाजूला काढायची, त्यातनं फायबरची बोट, इंजिन आणि लाइफ जॅकेटं घ्यायची आणि तालमीतली वीस पोरं नेमायची. 2019 चा पूर आठवा, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर गेलेलं, शिरोलीला हायवे बंद, पुण्याकडनं येणारी एनडीआरएफ काय उडत येणार होती? आमच्या गल्लीतली दोन म्हातारी न् एक बाळंतीण आम्ही गुळाच्या काहिलीतनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, बाहेर काढली, चार पोरं चारी बाजूनं कड धरून पोहत होती आणि बाळंतीण बाळाला पोटाशी घेऊन मधी बसलेली. माझं मत सरळ आहे, टीम पाहिजेच. पण आमचे एक काका म्हणतात पोरांच्या जिवाशी खेळ नको, ते सरकारचं काम. बोला.

मळीतला_पाटील
काका बरोबर बोलतात. ब्रह्मनाळ विसरलास काय? पलूस तालुका, 8 ऑगस्ट 2019. बोट गावातलीच होती, माणसं झेपतील त्यापेक्षा जास्त बसली, उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात लेकरं पण होती. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण पाणी उंबऱ्याला लागल्यावर बोटीत पाय टाकणाऱ्याला "तू उतर, पुढच्या फेरीला ये" म्हणायची धमक गावच्या पोरात नसते रे, समोर चुलती असते नाहीतर मामा असतो. वर्दीतला माणूस म्हणू शकतो. म्हणून वर्दीवाल्यालाच येऊ दे.

दोन_नद्यांचा
पाटील, वर्दीवाला येईस्तोवर काय करायचं ते पण सांगा की मग. झाडावर चढून बसायचं?

दोर_आणि_शिट्टी
मी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी, 12 दिवसांचं प्रशिक्षण केलंय म्हणून बोलतो. दोघंही अर्धं अर्धं बरोबर. पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला विचारलं बुडणारा दिसला तर काय कराल, सगळे एका आवाजात "उडी मारणार". सर म्हणाले मग दोन मढी काढावी लागतील. आधी काठी पुढं करायची, नाही पोचली तर दोर बांधलेला रिकामा कॅन फेकायचा, मग बोट, आणि पोहत जायचं ते सगळ्यात शेवटी, कारण बुडणारा माणूस गळ्यालाच मिठी मारतो. तालमीतल्या पैलवानाला हे पटत नाही, त्याला वाटतं दंडात ताकद आहे. अजून एक, पुराच्या पाण्याखाली उभा ऊस असतो, द्राक्षाच्या तारा असतात, पंख्यात पाचट गुंतलं की इंजिन बंद आणि बोट धारेला लागली. हे शिकायला पावसाळ्याआधी दोन महिने तलावात फेऱ्या माराव्या लागतात, बोटीसमोर नारळ फोडून फोटो काढला म्हणजे टीम झाली असं नाही. आणि आम्हाला विमा होता, तुमच्या वीस पोरांचा कोण काढणार?

वहीवाली_आशा
सगळे दादा बोटीवरच अडकलेत. मी आशा म्हणून काम करते, मला विचारा माणसं अडकतात कशी. 2019 ला दवंडी झाली, पोलीस पाटील दारोदार फिरले, तरी निम्मी गल्ली हलली नाही. का तर "2005 ला पाणी तिसऱ्या पायरीला थांबलेलं, त्याच्यावर येत नसतंय". दुसरं कारण म्हशी. दावणीला दोन दुभती जनावरं सोडून कोण बाई शाळेत झोपायला जाईल? माझी सासू नाही गेली. तिला शेवटी छपरावरनं काढली, म्हशी त्याच्या आदल्या रात्रीच सोडून दिलेल्या. माझ्या वहीत गरोदर बायका, डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले सगळे घरनंबराने लिहिलेत. वीस पोरांतली पंधरा मला द्या, पाणी इशारा पातळीला म्हणजे 39 फुटाला आलं की ही घरं आणि जनावरं उंचावर हलवू, चारा आधीच नेऊन टाकू. मग बोटीत बसवायला माणूसच उरणार नाही.

दोन_नद्यांचा
ताई हे मान्य. पण पंधरा जास्त होतात, दहा घ्या.

सध्या_पुण्यात
बाहेरून मदतीला येणाऱ्यांचं पण बोला जरा. 2019 ला आम्ही ऑफिसातले दोन टेम्पो भरून निघालो, हायवे सुटल्यावर पहिल्याच गावात आम्हाला अडवून माल उतरवून घेतला, तिथं आधीच जुन्या कपड्यांचा ढीग चिखलात पडलेला, बिस्किटं तर मोजायच्या पलीकडं, आणि आतल्या गावचा एक जण फोनवर सांगत होता आम्हाला पाणी प्यायला नाही. खरंच लाज वाटली. तेव्हा कुठं काय पाहिजे हे सांगणारा गावातला एक नंबर असता तर. म्हणून मी टीमच्या बाजूने, बोट असो नसो.

मळीतला_पाटील
नंबर कुणाचा द्यायचा यावरनंच आमच्यात दोन गट पडतील साहेब, तुम्ही पुण्यात आहात. बोटीवर कुठल्या मंडळाचं नाव यावरनं तिसरा. आणि पोरांचं म्हणाल तर नरसोबाच्या वाडीला नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा झाला की हीच पोरं पाण्यात उभी राहून मोबाईल वर धरतात, त्यांना बाहेर काढायलाच माणसं लागतात.

दोर_आणि_शिट्टी
पाटील हसू आलं पण खोटं नाही 😄 तरी त्याच पोरांतली आठ जण जरी नीट शिकली तरी खूप झालं. नाव न घालता बोट भगवी सोडून कुठल्याही रंगात रंगवा, नारिंगी चालेल, लांबनं दिसते.

मळीतला_पाटील
नारिंगी न् भगव्यात फरक कोण करतंय आमच्यात. बरं ते जाऊ दे, बोट घ्याल, दहा महिने ती ठेवणार कुठं? मागं आमच्याकडं एका कार्यालयातनं दिलेली रबरी बोट होती, पूर आला तेव्हा गोडाऊनचं कुलूप काढलं तर उंदरांनी तिची चाळण केलेली.

दोन_नद्यांचा
माझ्या गोठ्यात ठेवतो. आढ्याला टांगून. दर अमावस्येला इंजिन सुरू करून बघतो, तुम्ही पण या बघायला.

वहीवाली_आशा
दादा तुमचा गोठा 2019 ला पाण्यात होता ना?