कुत्रा दिसला तो घरीच

तुम्ही म्हणता, संग्रहालयात न जाता संगणकाच्या पडद्यावर चित्र पाहणं म्हणजे जेवणाचा फोटो पाहणं. अर्धं पटलं. आमची क्रूझ समुद्रकाठच्या आयमाउडेनच्या जलपाशातून (जहाजासाठी पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांतून) कालव्याने अ‍ॅमस्टरडॅमला शिरली, तेव्हा पहाटे डेकवर कॉफी घेऊन उभं राहण्याचं सुख कुठल्या स्कॅनमध्ये येणार? पण राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ (१६४२) हे चित्र लोकांच्या डोक्यांवरूनच पाहिलं. जहाज गाठायची घाई होतीच.

संग्रहालयाने २०२२ मध्ये त्याची ७१७ गिगापिक्सेल (म्हणजे ७१७ अब्ज बिंदूंची) प्रतिमा ऑनलाइन खुली केली, ८,४३९ छायाचित्रं जोडून. ढोलकऱ्यावर भुंकणारा कुत्रा मला त्यातच नीट दिसला, रंगाच्या भेगांसकट. मूळ चित्र मात्र साडेचार मीटर रुंद. लॅपटॉपवर तो दबदबा नाही, हेही खरं. परत जायचंय, या वेळी जहाजाशिवाय.