मदत हवी आहे: बोर्दोची वाइन अजून कच्ची आहे की माझ्या माळ्यावर शिजली?

मंडळी, नमस्कार. वाइनमधलं मला कळतं ते चवीपुरतंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझा मेहुणा फ्रान्समध्ये तुलूझला असतो, विमानांच्या कारखान्यात. तिथून वाइनसाठी नावाजलेलं बोर्दो रेल्वेने दोनेक तासांवर. पुण्याला येताना तो दर खेपेला दोन बाटल्या आणतो, कारण माणशी दोन लिटरच्या वर कस्टम भरावं लागतं आणि त्यात पाऊण लिटरच्या दोनच बसतात. (उरलेल्या अर्ध्या लिटरची हळहळ तो दर वेळी बोलून दाखवतो.) तीन खेपांत सहा बाटल्या जमल्या. सगळ्या बोर्दोकडच्या सांत-एस्तेफ गावातल्या एकाच शातोच्या (म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्याच्या), २०१६ सालच्या. द्राक्षं निम्म्याहून जास्त कॅबर्ने सोव्हिन्याँ, बाकी मर्लो आणि चिमूटभर पेती व्हर्दो. "घाई करू नका दाजी, ही मुरणारी आहे," असं त्याने बजावलं होतं.

हीच वाइन २०२२ च्या हिवाळ्यात त्याच्या घरी प्यायलो होतो. जांभूळ, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास, आणि हिरड्यांवर कात फासल्यासारखा तुरटपणा. पण त्या तुरटपणाच्या आत फळ होतं, ते अजून आठवतंय.

गेल्या रविवारी इथली पहिली बाटली उघडली. पाहुणे होते, बायकोने तांबडा रस्सा केला होता. स्टीलच्या जगमध्ये ओतून दोन तास ठेवली, तरी ग्लासात नाक घातलं तर नुसतं स्पिरिट चढत होतं. तोंडात घेतली तर कच्च्या केळ्याचा चावा. फळ कुठेच नाही. एका पाहुण्याने साखर मागितली, यावरून काय ते समजा. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी तुरटपणा जरा बसला होता, पण मागून पाकात शिजवलेल्या मनुकांसारखी चव येत होती.

आता कबुलीजबाब. पहिल्या दोन बाटल्या दोन उन्हाळे माळ्यावर होत्या. नंतरच्या चार बेडरूमच्या कपाटात आडव्या, जिथे रात्री एसी असतो. दिवाळीच्या आवराआवरीत सगळ्या एकत्र झाल्या आणि कुठली कुठली ते आता कळत नाही. पाच उरल्यात. वाइन अजून कच्ची आहे, की मी ती शिजवली? आणि उरलेल्या आत्ता प्याव्यात की ठेवाव्यात?

रानजांभूळ:
आधी बिचाऱ्या वाइनवरचा एक आळ काढू. रविवारी खोलीत किती तापमान होतं? 'वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे फ्रान्समधल्या थंड दगडी घरांचं गणित आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे तिशीच्या वर अल्कोहोल आधी नाकात जातं आणि फळ दबतं. पुढच्या वेळी बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा.

दुसरं म्हणजे तांबडा रस्सा! अहो, कॅबर्नेच्या सालीतला टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरतो म्हणून तोंड कोरडं पडतं. त्यावर तिखट आणि अल्कोहोल म्हणजे आगीत तेल. साधं मीठ-मिरीचं भाजलेलं मटण घ्या, चरबीसकट. टॅनिनला धरायला दुसरं काहीतरी मिळतं आणि तीच वाइन मऊ लागते.

तळघर:
मनुकांची चव मला खटकते. तुरट असणं हा दोष नाही, सांत-एस्तेफची ती जातच आहे. मेदोक या बोर्दोजवळच्या वाइनच्या पट्ट्यातल्या नावाजलेल्या गावांत सगळ्यात उत्तरेचं हे गाव, शेजारच्या पॉयाकपेक्षा जमिनीत चिकणमाती जास्त. त्यात २०१६ ला वसंतात धो धो पाऊस आणि मग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोरडा उन्हाळा. दाणे लहान, साल जाड, म्हणजे रसाच्या मानाने टॅनिन भरपूर. अशा वाइन मधली काही वर्षं तोंड मिटून बसतात. फळाचा ताजेपणा गेलेला असतो आणि देवदार, तंबाखू, चामडं हे म्हातारपणीचे वास अजून आलेले नसतात. बाटलीत टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काही तळाशी बसतात, म्हणून जुन्या बाटलीत गाळ दिसतो आणि तुरटपणाला गोलाई येते. हे काम १२-१४ अंशांना सावकाश होतं. माळ्यावर चाळीस अंशांना होतं ते मुरणं नव्हे, शिजणं.

ओळखायचं असं. गळ्यावरचं वेष्टण बोटांनी फिरवून बघा. सहज फिरलं तर बरं. अडकत असेल आणि खाली चिकट लागत असेल तर उष्णतेने वाइन फुगून बुचाच्या कडेने वर आली असावी. (काही वेष्टणं मुळातच घट्ट असतात, तेव्हा एवढ्यावर फाशी देऊ नका.) मग पाचही बाटल्या शेजारी उभ्या करून गळ्यातली वाइनची पातळी एखादीत खाली गेलीय का बघा. बूच बाहेर सरकलंय का तेही बघा.

एक तिसरी शक्यताही आहे. पहिल्या घोटाला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास होता का? तो बुचाचा दोष, त्यात माळ्याचा काही संबंध नाही. हा दोष थोडा असला तर वास येत नाही, नुसतं फळ गायब होतं. म्हणूनच एका बाटलीवरून निकाल देऊ नये.

खडूस_पेठकर:
पुण्यात वाइन मुरवायचा हट्ट कशाला? लोणचं मुरवा.
बरं, ठेवायचीच असेल तर कॉम्प्रेसरवाला छोटा वाइन कूलर घ्या. तो बिनआवाजाचा स्वस्त प्रकार बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातो, मे महिन्यात हात टेकतो. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे ठीक, वर्षानुवर्षं नाही, कोरड्या हवेत बूच आकसतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, पेठकरांचेसुद्धा.
पाचही बाटल्या ओट्यावर उभ्या केल्या. चारांची वेष्टणं फिरली. पाचवीचं जागचं हललं नाही. सुरीने कापलं तर आत बुचाच्या कडेला काळपट जांभळा डाग, बोटाला चिकट. माळ्यावरच्या दोनपैकी एक ही. रविवारी उघडली ती दुसरी असणार, पण तिचं वेष्टण मी केव्हाच केरात टाकलंय. पुठ्ठ्याचा वास तेव्हा आला नव्हता.

शनिवारी वेष्टण फिरणाऱ्या चारांतली एक दीडेक तास गार करून उघडली, सोबत भाजलेली चाप. पहिला ग्लास घट्ट मिटलेला, पण स्पिरिट नाही. चापेच्या चरबीवर मात्र घोट सरळ उतरला. अर्धी बाटली मुद्दाम ठेवली. रविवारी संध्याकाळी ग्लासात ओतली आणि बायको लांबूनच म्हणाली, "पेन्सिलीला टोक कोण करतंय?"

तीन कपाटात परत गेल्यात, कूलरचे भाव बघतोय. डागवाली मटणाच्या मुरवणीत घालू का? आणि मेहुण्याला माळ्याचं सांगायचं का, हाही प्रश्न आहेच.